सोमवारी पहिलं प्रात्यक्षिक : मोजमाप आणि प्रयोगशाळेतली सुरक्षितता

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

येत्या सोमवारी सकाळी 11 वाजता विज्ञान प्रयोगशाळेत आपलं पहिलं प्रात्यक्षिक आहे. सगळ्यांनी दहा मिनिटं आधी या. प्रयोगवही, पेन आणि मोजपट्टी सोबत हवी.

मोजपात्राने पाण्याचं आकारमान आणि व्हर्नियर कॅलिपरने (वस्तू दोन जबड्यांत धरून बारीक मोजमाप करायचं साधन) धातूच्या गोळीचा व्यास, एवढीच दोन मोजमापं करायची आहेत. पण ती नीट करा. मोजपात्रात पाणी कडेला काचेवर किंचित चढतं आणि मध्ये खोलगट दिसतं. डोळे त्या पातळीला आणून खोलगट भागाचा तळ वाचा; वरून वाकून पाहिलं की आकडा जास्त येतो. व्हर्नियरचे जबडे मिटवून आधी शून्य त्रुटी तपासा, म्हणजे तेव्हा बरोबर शून्यच दिसतं का ते पाहा. रीडिंग थेट वहीत, एककासह लिहा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. खोडू नका, पहिला आकडाही वाचता आला पाहिजे.

सुरक्षिततेचे नियम (यात सवलत नाही) :
- गॉगल आणि बंद बूट. केस बांधलेले, ओढणी खोचलेली.
- खाणं-पिणं बंद, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर.
- कोणतंही रसायन चाखू नका. वास घ्यायला सांगितलं तरच हाताने वाफ नाकाकडे सारा.
- आम्ल पाण्यात थोडं थोडं ओतायचं. आम्लात पाणी कधीच नाही.
- काच फुटली तर हात लावू नका, लगेच सांगा. तुम्हाला कोणी रागावणार नाही.

दमा किंवा कसली अ‍ॅलर्जी असेल, तर शनिवारपर्यंत मला येऊन सांगा.

– विज्ञान शिक्षिका