जोशी काकांना, झिरो माईलच्या आभारांसह

काका, सा. न.

तुम्ही मानधनाचं पाकीट परत केलंत, वर "चहा चांगला होता" म्हणालात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

नववीच्या वर्गात एकीने आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडाबद्दल विचारलं होतं, "मॅडम, झिरो माईल म्हणजे देशाचा मध्य, पण तो मोजला कोणी?" मी आपलं शेजारधर्म म्हणून हा प्रश्न तुमच्या कानावर घातला. तुम्ही उत्तर दिलंच नाहीत. "पोरांना सांगू नका, मी येतो," एवढंच म्हणालात आणि गवंड्यांची पातळी बघायची पारदर्शक पाइप खांद्यावर टाकून शाळेत हजर झालात.

पाइपमध्ये पाणी भरताना एक बुडबुडा अडकला होता. तो निघेपर्यंत तुम्ही पुढे सरकला नाहीत, आणि एरवी पाच मिनिटं न बसणारी मुलं तो बुडबुडा बघत बसली! मग एक टोक पायरीशी, दुसरं फाटकाशी. सपाट वाटणारं आमचं पटांगण फाटकाकडे चांगलं वीतभर उतरतं, हे पोरांनी स्वतः शोधून काढलं. पावसाळ्यात तळं तिथेच का साचतं, हे मग कुणाला सांगावं लागलं नाही.

"आता समुद्र कुठं आन् नागपूर कुठं, पोट्टेहो?" तुम्ही विचारलंत आणि सांगितलंत: बंदरावर भरती-ओहोटी नोंदवून सरासरी पातळी काढायची आणि तिथून टप्प्याटप्प्याने उंची मोजत इथवर यायचं. दुसऱ्या दिवशी विधानभवनाजवळच्या त्या दगडापाशी १९०७ हे साल वाचताना त्यांना कळलं, की हा बेंचमार्क, म्हणजे मोजणीची पक्की खूण, उंचीचा आहे, मध्याचा नाही. खांबाचा माथा समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. त्यातला शेवटचा एक म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा, हा हिशोब मागच्या बाकावरच्या पोराने केला. मध्याचं काय, तर १९०७ च्या हिंदुस्थानात ब्रह्मदेशही होता. नकाशा बदलला की मध्यही सरकणारच. यावर वर्गात अजून भांडणं चालू आहेत, आणि मी ती मिटवत नाही.

अभ्यासक्रम पुरा करायच्या धबडग्यात प्रश्न दोन दिवस लोंबकळत ठेवायची हिंमत आम्हा शिक्षकांना सहसा होत नाही. ती तुम्ही दिलीत. त्याचे आभार पाकिटात मावले नसतेच म्हणा.

आता मुलांना कुठून तरी कळलंय, की ज्या देशभरच्या मोजणीत हा दगड बसवला, तो सर्व्हे सुरू करणारे लॅम्बटन साहेब १८२३ साली नागपूरला येता येता हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तिथेच आहे. सहल तिकडे न्या म्हणतात. गुडघा बरा असेल तर चला. एसटीची चौकशी मी करते.

तुमची,
शेजारची भूगोलाची मॅडम