'वर बघा' म्हणणारा मीच होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की तुमच्याकडे चर्चच्या सेवाकार्याची प्रसिद्धिपत्रकं येऊ लागत असतील. सोबत फोटो. पांघरूण देणारे चौघे, घेणारा एक, आणि चौघांचीही नजर कॅमेऱ्यात. आमच्या चर्चच्या मंडळीचा सचिव म्हणून अशी पत्रकं मी स्वतः आठ वर्षं पाठवली. त्यातला एक फोटो परवा जुन्या फायलीत सापडला आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की पांघरूण घेणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मान खाली घातली आहे. त्यांना दोनदा 'वर बघा' सांगितलं होतं. सांगणारा मीच होतो.

उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे येशूचं सांगणं (बायबल, मत्तय, अध्याय ६) आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं. आम्ही त्याचा अर्थ देणाऱ्यापुरता लावतो: बढाई मारू नका, स्वर्गातला पिता गुप्त गोष्टही पाहतो. तो अर्थ आहेच. पण आडोशाची जास्त गरज घेणाऱ्याला असते, हे कळायला मला आईचं आजारपण यावं लागलं.

आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. मंडळीतल्या एक बाई दर शनिवारी दुपारी यायच्या. आईच्या पायांची नखं जाड होऊन आत वळली होती, साध्या नेलकटरला दाद देत नसत. त्या टबात कोमट पाणी घ्यायच्या, पाय चांगले अर्धा तास भिजू द्यायच्या, मग एकेक नख थोडं थोडं करून काढायच्या. शेवटी बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, ओल राहिली की चिखल्या होतात म्हणून. पहिल्या दिवशी आईने पाय आखडून घेतले. जन्मभर मुख्याध्यापिका म्हणून वावरलेली बाई ती! "नको, तुम्ही नको," म्हणाली. त्यांनी आग्रह केला नाही, सेवेबिवेचं काही बोलल्या नाहीत. "मावशी, पाणी गार होतंय," एवढंच. आणि दार लोटून घेतलं. मलाही आत येऊ देत नसत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र यानेही हेच केलं. गुलामाने करायचं काम करायला गुरू कमरेला रुमाल बांधून खाली वाकला, तेव्हा माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, असं तो म्हणाला. प्रवचनात आपण पेत्राच्या असमंजसपणावर बोलतो. मला वाटतं, त्याला नुसती लाज वाटली असेल. धुळीने भरलेले पाय कुणाला दाखवावेसे वाटतात?

त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये पाय धुतले जातात. कॅथलिक मंडळीत १९५५च्या सुधारणेपासून हा विधी त्या संध्याकाळच्या मिस्सेत (मुख्य उपासनेत) करता येऊ लागला. २०१३ साली पोप फ्रान्सिस तो करायला रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या. विधी सुंदर आहे. फक्त एक गंमत पाहिली आहे: निवडलेली माणसं बहुधा घरून पाय स्वच्छ धुऊनच येतात.

कुणी म्हणेल, उजव्या-डाव्या हाताचं ज्या प्रवचनात आहे त्याच प्रवचनात येशू 'तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या' असंही सांगतो. सचिव असताना मी हेच वचन पुढे करायचो. पण त्या वचनाच्या शेवटी गौरव स्वर्गातल्या पित्याचा आहे. आमच्या फोटोखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार सगळे असत, पित्याचं नाव शोधावं लागे.

शांतपणाच्या नावाखाली हिशेब मात्र झाकू नयेत. दानाचा पैसा लोकांचा असतो. पावती, ताळेबंद, लेखापरीक्षण उघड हवं, खुशाल छापा. ज्याला मदत मिळाली त्याचं नाव वहीत राहू दे. आणि मदत देताना 'प्रार्थनेला येणार ना?' हा प्रश्नही नको.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यापो गावची टबीथा येते, तिलाच दुर्कस म्हणत. मूळ ग्रीक नव्या करारात 'शिष्या' असा स्त्रीलिंगी शब्द फक्त तिच्यासाठी आला आहे. इतका मान, पण तिच्या तोंडचा एकही शब्द तिथे नाही. ती गेल्यावर विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवतात. ते त्यांनी आपणहून दाखवले, कुणी ओळीत उभं करून नव्हे.

आईच्या अंत्यविधीनंतर मंडळीच्या मासिकात त्या बाईंचे जाहीर आभार मानायचं मी ठरवलं. सवय दुसरं काय! मजकूर वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या. पण मावशींना हे आवडलं नसतं." मजकूर फाडला.

आता या पत्रात मी तेच लिहून बसलो आहे, याची जाणीव आहे. म्हणून माझं नाव आणि पत्ता फक्त आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे. पत्र छापलंत तर कृपया ते छापू नये. आईला ओळखणारी माणसं अजून आहेत.

आपला,
एक वाचक