एअरबॅग मोजता, वायरी कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहन पुरवणीत नव्या गाडीची ओळख छापताना एअरबॅग किती, हे ठळक अक्षरांत असते. त्या एअरबॅगला ‘उघड’ म्हणून सांगतो कोण, यावर मात्र एक ओळही नसते. गाड्यांच्या वायरिंगमध्ये 20 वर्षे डोके घालून बसलेल्या माझ्यासारख्या इलेक्ट्रिशियनला ते खटकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

सेन्सरने हादरा कळवायचा, ही धडक की नुसता खड्डा हे कंट्रोल युनिटने ठरवायचे आणि एअरबॅग पेटवायची, हे सगळे पापणी लवायच्या आत. बाजूने धडक बसली तर वेळ आणखी कमी, कारण दरवाजा आणि माणूस यांच्यात जेमतेम वीतभर जागा. गाडीतली बरीच यंत्रे ‘कॅन’ या सामाईक लाइनवर बोलतात. बॉशने 1986 मध्ये आणलेली ही पद्धत उत्तमच, पण तिथे मानपान आहे. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याच्या निरोपाचा क्रमांक लहान त्याचा निरोप आधी, दुसऱ्याने थांबायचे. धडकेच्या सेन्सरला असे ताटकळून कसे चालेल? म्हणून त्याला बहुधा स्वतःची दोन तारांची लाइन देतात. ‘पीएसआय5’ पद्धतीत त्याच दोन तारांतून सेन्सरला वीज मिळते आणि प्रवाह कमीजास्त करून तो निरोपही त्यांतूनच धाडतो, सेकंदाला सव्वा लाख बिट या वेगाने. धडकेनंतर दारांची कुलपे उघडा, इंधन तोडा, हे सांगायला मग बऱ्याच गाड्यांत कॅन असतेच.

आता मूळ दुखणे. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. तेवढ्यात युनिट प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तपासते. तो साधारण 2 ओहमच्या आसपास असतो. सीट मागेपुढे करून, खाली सामान कोंबून तिथला पिवळा कनेक्टर सैल झाला, की दिवा लागूनच राहतो. काम पाच मिनिटांचे. पण काही जण कनेक्टर शोधण्याऐवजी एअरबॅगच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर, म्हणजे तेवढाच रोध देणारा सुटा भाग, बसवतात. युनिट फसते, दिवा विझतो, मालक खूश. एअरबॅग मात्र वायरीला जोडलेलीच नाही! उमेदवारीत उस्तादांच्या सांगण्यावरून मीही एकदा हे केले आहे. ती गाडी पुढे कोणाकडे गेली, ठाऊक नाही.

घरच्या घरी मल्टिमीटर घेऊन बसणाऱ्यांनी मात्र या पिवळ्या वायरींना हात लावू नये. बॅटरी काढली तरी युनिटच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज उरते.

जुनी गाडी घेताना टायर, इंजिन, कागदपत्रे तपासा, असे आपण वरचेवर छापता. त्यात एवढी भर घालावी: दिवा लागतो का आणि आपणहून विझतो का, दोन्ही पाहा. मुळीच न लागणारा दिवा जास्त संशयास्पद; कोणीतरी त्याचा बल्बच काढून ठेवलेला असू शकतो.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन