गावाला दोन दिवस जास्त रहा

संपादक साहेब, नमस्कार.
2025 च्या गणपतीला आम्ही पोरांसकट मालवणला गेलो, किती वर्षांनी सगळे एकत्र. रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा मिळेल ती परतीची तारीख घेतली आणि तिथेच चुकलं. 2 सप्टेंबरला गौरी-गणपती विसर्जन झालं नि लगेच बॅगा भरल्या. निघताना शाळेतल्या मित्राची आई दारात उभी, म्हणाली "बाबू, इलस काय नि चललस काय?", घावणे खाऊन जा म्हणत हात धरून बसली पण गाडीची वेळ झालेली. अजून जिवाला लागतंय ते. चाकरमान्यांनो, हात जोडून सांगतो, परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा आणि आधी म्हाताऱ्या माणसांकडे जा.
– एक चाकरमानी, डोंबिवली