व्हिएन्नाहून परतल्यावर घरी पत्र

म्युनिक,
भाऊबीज

ती. आई व ती. आप्पा यांना शिरसाष्टांग नमस्कार. चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

आम्ही चौघं खुशाल आहोत. अर्णवचा खोकला पूर्ण गेला. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल. सोनू, आईच्या डोळ्यांना अजून ताण नको, तेव्हा तूच मोठ्याने वाच, आणि मी सांगेन तिथला मजकूर गाळ.

ग्रुपवर फोटो टाकले त्याखाली नानाकाकांनी लिहिलेलं वाचलं. "गावी यायला रजा मिळत नाही, युरोप बघायला मिळते." पुढे हसरा चेहरा आहे, पण त्याचा अर्थ मला कळतो. म्हणून आधी तेच सांगून टाकतो. इथल्या शाळांना थंडीच्या तोंडावर जेमतेम आठवडाभर सुट्टी असते, ती यंदा नेमकी दिवाळीत आली. आठवडाभरासाठी कराडला यायचं, त्यात येण्याजाण्यात किती दिवस मोडतात ते तुम्ही पाहिलंच आहे. आणि दिवाळीची चौघांची तिकिटं बघून मी लॅपटॉप मिटून ठेवला. शाळा बुडवून या म्हणाल, तर आमच्या बव्हेरिया राज्यात ते चालत नाही. सुट्टी लागायच्या आधी शाळेच्या वयाची मुलं विमानतळावर दिसली, तर पोलीस चौकशी करतात आणि आईबापांना दंड होतो. काकांना हे खरं वाटणार नाही, पण खरं आहे. व्हिएन्ना मात्र आमच्याकडून रेल्वेने चार तासांवर. एवढंच.

खर्चाचंही सांगतो. हॉटेल नाही, स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा घेतली. कुकर बॅगेतून नेला. आई, रोज रात्री गरम भात होता, तुझं मेतकूट होतं, एकदा पिठलंही केलं. दिवसभर पाव खाऊन राहिलो असं मनात आणू नकोस. तिथल्या मोठ्या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालच्या सगळ्यांना फुकट सोडतात, त्यामुळे तिकिटं आम्हा दोघांचीच. आणि पाणी बाधेल म्हणून तू पुन्हा पुन्हा फोन करत होतीस, तर तिथे घरोघरी नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. १८७३ साली पाट बांधला, डोंगरापासून शहरापर्यंत नुसत्या उतारावर वाहत येतं, पंपसुद्धा नाही. आपल्या नळापेक्षा चांगलं म्हटलं तर आप्पा चिडतील, म्हणून म्हणत नाही.

आप्पा, आता तुमच्यासाठी. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम नावाचं प्रचंड संग्रहालय आहे. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याने शतकानुशतकं जमवलेली चित्रं ठेवायला बादशहा फ्रान्झ योसेफने बांधून घेतलं, १८९१ मध्ये उघडलं. जिना चढताना वर बघितलं तर खांबांच्या मधल्या जागांत क्लिम्ट या चित्रकाराने तरुणपणी रंगवलेल्या आकृत्या आहेत, सोनेरी चित्रांमुळे नाव व्हायच्या आधीच्या. पण मी गेलो तो ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या दालनात. तुमच्या त्या पुठ्ठा निसटलेल्या पुस्तकात त्याचा बायबलमधला बाबेलचा मनोरा काळ्यापांढऱ्यात होता ना, तो खरा तिथे आहे. १५६३ चा. लांबी दीड मीटरच्या थोडी वर, आणि कापडावर नाही, ओकच्या फळ्यांवर रंगवलेला. जवळ गेलं की मनोऱ्यावर मुंगीएवढे गवंडी दिसतात, कोणी चुना कालवतोय, कोणी दोर ओढतोय. पुस्तकात ते नुसते ठिपके होते.

आणि मला तुमचा स्मरणचित्राचा तास आठवला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या पोरांना तुम्ही विषय द्यायचात, ‘लग्नाची पंगत’, ‘खेळणारी मुले’, आणि आम्ही सगळी माणसं एका उंचीची, एका रांगेत, तोंड समोर करून उभी करायचो. तुम्ही लाल पेन्सिलीने विचारायचात, "हे फोटो काढायला उभे आहेत का?" ब्रॉयगेलने हेच दोन्ही विषय घेतलेत. पंगतीच्या चित्रात लांबलचक टेबल तिरकं आत गेलंय. समोर दोघे जण बिजागरीतून काढलेल्या दारावर खिरीसारख्या कशाच्या तरी थाळ्या घेऊन वाढायला निघालेत. खाली टोपीत हरवलेलं एक पोर बोटं चाटतंय. वाजवणारा वाजवायचं थांबून थाळ्यांकडे बघतोय. नवरी हिरव्या कापडापुढे हात जुळवून गप्प बसलीय, खात नाही, कोणाशी बोलत नाही. वाढणाऱ्यांच्या पायांत एक पाय जास्तीचा दिसतो. मी मोजून बघितलं, तुम्ही नक्की गुण कापले असतेत. आणि नवरदेव नक्की कोणता, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. सोनू, तुझं त्या मानाने बरं आहे.

आई, खेळणाऱ्या मुलांचं चित्र तुला दाखवायला हवं होतं. १५६० सालचं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या सत्तर वर्षं आधीचं. दोनशेच्या वर मुलं आहेत. चाक पळवणारी, पाठीवरून उड्या मारणारी, काठीचा घोडा केलेली. डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन मुली चक्क सागरगोटे खेळतायत. गोटे म्हणजे मेंढीच्या पायाची लहान हाडं आहेत, पण उडवून झेलायचं तेच. ईशाने तुझ्याकडून शिकलेला हात तिथेच हवेत करून दाखवला, तेव्हा पहारेकरी जरा जवळ सरकला. ती मराठी विसरत चाललीय असं तुला वाटतं ना? "आजी म्हणते तसं एक टिप्पी," असं ती त्याला म्हणाली. त्याला काही कळलं नाही, तो भाग वेगळा.

‘बर्फातले शिकारी’ पुढे मात्र मी बराच वेळ बसून राहिलो. १५६५ चं आहे. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी ऋतूंची सहा चित्रं केली होती, त्यातली पाच उरली, आणि पाचांतली तीन याच दालनात आहेत. पांढरा रंग नळीतून थेट लावायचा नाही हे तुम्ही किती ओरडून सांगितलंत. इथे सगळं चित्र बर्फाने भरलंय, पण आभाळ आणि गोठलेलं तळं दोन्ही एकाच हिरवट राखाडी रंगाचे, आणि त्यामुळेच अंगात थंडी भरते. पोस्टकार्डावर तो हिरवा उतरत नाही. मी चार पोस्टकार्डं घेतलीत, पाठवतो, पण ती बघून चित्राबद्दल मत बनवू नका. तुमच्या वतीने मी बघितलं असं लिहिणार होतो. पण चाळीस वर्षं पोरांना शिकवलंत तुम्ही, आणि बघायला मी. असो.

बाकी थोडक्यात. संग्रहालयासमोरच्या जुळ्या इमारतीत अर्णवला डायनासोर दाखवले. तिथेच विलेनडॉर्फला १९०८ साली सापडलेली दगडी स्त्रीमूर्ती आहे, सुमारे २९,५०० वर्षांपूर्वीची, उंची अवघी ११ सेंटिमीटर. बेल्व्हेडियर राजवाड्यात क्लिम्टचं ‘चुंबन’ पाहिलं. त्याचा फोटो ग्रुपवर का टाकला नाही हे वेगळं सांगायला नको. सोन्याचा वर्ख लावलेलं, पावणेदोन मीटरच्या थोडं वर असं चौरस चित्र आहे, पण समोर इतके मोबाइल वर होते की मला चित्रापेक्षा मोबाइलमधली चित्रंच जास्त दिसली. ब्रॉयगेलपुढे एवढी गर्दी नव्हती. लोकांना चकाकी हवी असते, दुसरं काय. रस्त्यात मोझार्टचे कपडे आणि पांढरे टोप घातलेले लोक मैफलींची तिकिटं गळ्यात मारतात, त्यांना मानसीने असं परतवलं की तू खूश झाली असतीस.

आता एक गंमत, आणि ही नीट सांगावी लागेल, कारण फोनवर सांगितली तेव्हा आप्पांना पटली नाही. व्हिएन्नाचा सरकारी ऑपेरा, म्हणजे संगीत नाटकांचं थिएटर, जगात नावाजलेला. १८६९ मध्ये सुरू झाला, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला, पुन्हा बांधून १९५५ मध्ये उघडला. खुर्चीचं तिकीट आपल्याला झेपणारं नाही. पण तिथे उभ्याने बघायची तिकिटं असतात, तीही मागच्या अंधारात नाही, खालच्या मजल्यावरची तर थेट रंगमंचासमोर, बादशहासाठी केलेल्या सज्जाच्या खाली. दर खुर्चीच्या मानाने अगदी कमी. उभं राहायला आडव्या दांड्या लावलेल्या. तिथली जुनी रीत अशी. तुम्ही लवकर आत जायचं, आपली जागा निवडायची, आणि दांडीला गळ्यातला मफलर बांधायचा. झालं. मग बाहेर जा, कॉफी प्या, तासाभराने या, तुमची जागा तुमचीच. कोणी मफलर सोडत नाही, सरकवत नाही. आप्पा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तेच हे, फक्त इथे आत बसलेला माणूस रुमाल खाली टाकून "कोणाचा हा?" असं विचारत नाही. पिशवी चालत नाही, कोट चालत नाही. कोट तर बाहेर जमाच करावा लागतो. कापड हवं. एका माणसाने एकच जागा बांधायची, पाच मित्रांसाठी पाच मफलर बांधले तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या नुसत्या नजरेने भाजून काढतात. या म्हाताऱ्या वर्षानुवर्षं उभ्यानेच ऐकत आलेल्या. तिथे सप्टेंबर ते जून जवळपास रोज खेळ असतो आणि बहुधा रोज वेगळा. माझ्या शेजारच्या बाईंना अख्खं गाणं पाठ होतं. मला नव्हतं, पण दांडीवर छोटा पडदा असतो, त्यावर शब्द येतात.

आणि आई, मी तो मरून मफलर घालत नाही अशी तुझी तक्रार आहे ना? तोच बांधला होता. सबंध व्हिएन्नात त्याच्याइतका जाड मफलर नव्हता. मानसी अर्णवला घेऊन मुक्कामाच्या खोल्यांवर परतली होती, मी आणि ईशा शेवटपर्यंत उभे राहिलो. पाय दुखले नाहीत. म्हणजे तिचे नाहीत.

सोनू, पुढचा परिच्छेद मनात वाच.

ईशा पियानो शिकते, तिला बेथोव्हेनची समाधी बघायची होती, आणि आम्हाला वेळ मिळाला तो नेमका एक नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. ७१ नंबरच्या ट्रामने शहराच्या मोठ्या स्मशानभूमीत गेलो. त्या दिवशी तिकडे पितरांचा सण असतो, सगळं गाव शेवंती आणि दिवे घेऊन आलेलं. बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स, श्ट्राउस एकमेकांच्या आसपासच आहेत. ट्रामभर मानसी माझ्याशी बोलली नाही. परत आल्यावर तिने सगळ्यांना डोक्यावरून आंघोळी घातल्या आणि मग पूजा केली, नाणं, लाह्यांऐवजी पॉपकॉर्न आणि मोबाइलमधली लक्ष्मी. आईला फराळाचा फोन केला तो त्यानंतरचा.

इथून पुन्हा मोठ्याने वाच. आता मुद्द्याचं.

सांगलीच्या मंडळींना मार्गशीर्षात सोनूचा साखरपुडा हवा आहे हे कळलं. डिसेंबरमध्ये इथे शाळेला दोन आठवडे नाताळची सुट्टी आहे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण तेव्हाचे दर दिवाळीपेक्षा वर आहेत. एकदाच येता येईल, आणि ते लग्नाला यावं असं आम्हाला वाटतं. मी एकटा चार दिवस येऊन जाऊ का, असं मानसीने सुचवलंय. साहेबांना अजून विचारलेलं नाही, या आठवड्यात विचारतो. लग्नाची तारीख मात्र एप्रिलमध्ये ईस्टरच्या दोन आठवड्यांत बसते का, हे गुरुजींना विचारा. सांगलीकरांना मी स्वतः फोन करीन, तुम्ही माझ्या वतीने दिलगिरी वगैरे व्यक्त करू नका. लग्नात जावयाचा कान पिळायला मीच हवा, तेवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.

गच्चीच्या गळतीचे आणि कार्यालयाच्या आगाऊ रकमेचे पैसे सोमवारी पाठवतोय. आप्पा, मागच्या वेळेसारखे परत पाठवू नका, आणि एफडी मोडू नका. व्हिएन्नाला गेलो म्हणून यात काही कमी केलेलं नाही. म्हणजे थोडं केलंय, ते जानेवारीत भरून देतो. सोनूची ओवाळणी वेगळी पाठवली आहे. ती घरखर्चात घालू नये. सोनू, हे वाक्य दोनदा वाच.

मुलं झोपली आहेत. मानसी नमस्कार सांगते. काकांना माझाही सांगा.

आपला,
संदीप

ता. क. आप्पा, तुमच्या पासपोर्टची मुदत संपली आहे. दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणतो मी, ठाऊक आहे. या वेळी अर्ज मी इथून ऑनलाइन भरतो, तुम्ही फक्त जुना पासपोर्ट शोधून पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो सोनूकडून पाठवा. आईचाही.