फाटलेल्या आवाजाचे गुण कापू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आमच्या भागातल्या शाहिरी कार्यक्रमाची बातमी वाचली. ‘शाहिरांच्या सुमधुर आवाजाने श्रोते मंत्रमुग्ध’ असं तिच्यात लिहिलं आहे. त्या कार्यक्रमाला मी हजर होते. शेवटचा पोवाडा दुष्काळावरचा होता. गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आवाज वरच्या पट्टीत चिरत गेला होता आणि मागे साथ करणाऱ्या झीलकऱ्यांनी ‘जी जी’ धरली तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून मांडीवर ठेवून खाली बघत बसले होते. मंत्रमुग्ध कोणीच झालं नव्हतं, सगळे आतून हलले होते. त्या आवाजाला सुमधुर म्हणणं म्हणजे तो न ऐकणं. बातमीदाराला दोष द्यायला मी हे पत्र लिहीत नाही. गाण्याबद्दल लिहायचं म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच लेखणीतून सुमधुर, मंजुळ, सुश्राव्य हे तीनच शब्द उतरतात. पण या तीन शब्दांपायी एका मुलीचं काय झालं ते मला सांगायचं आहे.

जानेवारीत तालुक्याला शालेय लोकगीत स्पर्धा झाली. नववीतली एक मुलगी स्टेजवर आली. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ राहणारी. साथीला काही नाही, पायात चप्पल नाही. आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने म्हणायला घेतल्या. पहिल्या दोन ओव्या सरळ गेल्या. तिसरीत ‘माय’ हा शब्द वरच्या सुरावर येत होता. तिथे तिचा आवाज फाटला. ती थांबली नाही. फाटलेल्या आवाजातच तिने ओळ पुरी केली, आवंढा गिळला आणि चौथी ओवी खालून, अगदी दबक्या आवाजात उचलली. मांडवात पाठीमागे चहाचे कप गोळा करणारा पोरगा हातातला ट्रे तसाच धरून उभा राहिला.

तिला उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस मिळालं नाही. गुणपत्रिकेत सूर, ताल, पाठांतर, आवाज, सादरीकरण असे पाच रकाने होते. आवाजाला दहापैकी दोन गुण. निकालानंतर परीक्षकांनी तिला जवळ बोलावलं आणि मायेनेच सांगितलं, “बाळ, गळा गोड आहे तुझा. पण आवाज फाटू द्यायचा नाही. आणि हसऱ्या चेहऱ्याने गायचं.”

हसऱ्या चेहऱ्याने! आई कोयता घेऊन चार महिने परमुलखात, आणि लेकीने मायच्या ओव्या हसऱ्या चेहऱ्याने गायच्या!

मी एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. अशा स्पर्धांना कितीतरी वेळा परीक्षक म्हणून बसले आणि अशा गुणपत्रिका माझ्या हाताने भरल्या. आवाज फाटला की मीसुद्धा गुण कापले आहेत. ज्यांचे कापले त्या मुलामुलींची नावं आज आठवत नाहीत, याची मला खंत वाटते. म्हणून हे पत्र.

आवाज फाटतो तेव्हा गळ्यात काय होतं, हे निवृत्तीनंतर एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून समजून घेतलं. स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात. माणूस संतापला की छातीतून येणाऱ्या हवेचा दाब वाढतो, पट्ट्या एकमेकींवर घट्ट आवळल्या जातात आणि आवाजाला धार चढते, खर चढते. रडू येतं तेव्हा उलट होतं. जास्त हवा आत घ्यायला शरीर श्वासाची वाट उघडी ठेवू बघतं आणि आवंढा गिळताना तीच वाट मिटावी लागते. या ओढाताणीलाच आपण गळ्यात गोळा आला म्हणतो. तशा गळ्याने सूर लावला की तो कापतो, मध्येच तुटतो. म्हणजे फाटलेला आवाज हा त्या माणसाच्या शरीराने दिलेला पुरावा असतो. त्या मुलीने पुरावा दिला आणि आपण त्याचेच आठ गुण कापले.

बार्शीत राहून मी हे लिहिते आहे, तेव्हा अमर शेखांचं नाव घेतल्याशिवाय पुढे कशी जाऊ? मेहबूब हुसेन पटेल हा आमच्या गावचा मुलगा. मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत राबला आणि महाराष्ट्राचा शाहीर अमर शेख झाला. आईच्या तोंडच्या ओव्या ऐकत त्यांचा गळा घडला, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या मंडळींचा आवाज गावोगाव पोचला. माझे वडील लहानपणी त्यांच्या सभेला गेले होते. अमर शेख काय गायले ते वडिलांना धड आठवत नसे, पण “त्या माणसाचा आवाज अंगावर यायचा” हे वाक्य ते मरेपर्यंत म्हणत होते.

अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मराठी माणसाला सांगायला नको. पण माझी विनंती आहे की ती पुन्हा एकदा केवळ आवाजाकडे कान देऊन ऐका. शाहीर विठ्ठल उमपांनी गायलेली ऐका. सुरुवातीला पोटासाठी मुंबईला निघालेला गडी आपल्या मागे राहिलेल्या बायकोचं कौतुक करतो. तिथे आवाजात लाड आहे, थोडा लाजरेपणा आहे. मग निरोप येतो आणि आवाजात कढ येतो. पुढे मुंबईची श्रीमंती आणि त्याच मुंबईतली उपासमार येते, तिथे शब्द दातांखाली धरून बोलल्यासारखे येतात. शेवटी मैनेची ताटातूट आणि तुटलेल्या महाराष्ट्राची ताटातूट एक होते, बेळगाव, कारवारची नावं येतात आणि त्याच गळ्यातून संताप बाहेर पडतो. विरहाचं गाणं रागाचं कधी झालं, त्याचा सांधा सापडत नाही. मला तो अजून सापडलेला नाही. हे नुसत्या कागदावरच्या शब्दांत भागत नाही, त्याला तसा गळा लागतो. १०६ हुतात्म्यांच्या रक्ताने जो महाराष्ट्र मिळाला, त्याच्या लढ्यातलं हे गाणं जर कोणी गोड गळ्याने आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हटलं तर ते त्या मैनेला नटवून मिरवणुकीत बसवल्यासारखं होईल.

उमपांच्या ‘जांभूळ आख्यान’ या लोकनाट्याबद्दलही असंच. हा म्हातारा माणूस द्रौपदी होऊन उभा राहायचा आणि तिच्या मनातली कर्णाची ओढ सांगायचा. आवाज घोगरा, मध्येच चिरका, पण बाईच्या मनातली चोरी उघडी पडतानाची कुचंबणा त्या चिरकेपणातच होती. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले. ऐंशीला टेकलेल्या वयात तो गळा शाबूत होता, हे मुद्दाम सांगते. कारण आवाज फाटू द्या म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं, बाई, मग रियाजाचं काय?

रियाज हवाच. मी बेसूरपणाची वकिली करत नाही. षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, पक्का नसेल तर संताप आणि दुःख दोन्ही कर्कश्श होतात आणि गळ्यावर ताण देऊन ओरडणाऱ्या मुलाचा आवाज वर्षभरात बसतो. बसलेले असे गळे मी पाहिले आहेत. पण सूर सुटणं वेगळं आणि सुरावर असताना आवाजाला तडा जाणं वेगळं. हा फरक ज्याच्या कानाला कळत नाही त्याने परीक्षकाच्या खुर्चीत बसू नये. गझल-ठुमरी गाणाऱ्या बेगम अख्तरांचंच घ्या. वरच्या सुरावर जाताना त्यांचा आवाज क्षणभर मोडायचा आणि ऐकणारे त्याच मोडण्याची वाट बघत बसायचे. लग्नानंतर त्यांचं गाणं काही वर्षं बंद होतं, त्यात त्या खंगल्या आणि १९४९ मध्ये लखनौच्या रेडिओ केंद्रावर पुन्हा गायल्या. त्यांना कोणी सांगितलं असतं का, बाई, एवढी जागा तेवढी दुरुस्त करून घ्या?

आणि संताप म्हणजे आरडाओरडा, हाही गैरसमज आहे. अमेरिकेत काळ्या माणसांना जमाव झाडाला लटकवून मारत असे, त्यावरचं गाणं बिली हॉलिडे ही गायिका १९३९ पासून न्यूयॉर्कच्या एका क्लबात गाऊ लागली. ते गाणं शेवटी असे. त्या वेळी वाढपी थांबत, दिवे मालवले जात, एकच झोत तिच्या चेहऱ्यावर राही आणि गाणं संपल्यावर ती पुन्हा मंचावर येत नसे. तिच्या नेहमीच्या ध्वनिमुद्रिका कंपनीने ते काढायला नकार दिला, म्हणून दुसऱ्या लहान कंपनीकडे जावं लागलं. मुलाने मला ते मोबाइलवर लावून दिलं. इंग्रजी मला बेताचंच कळतं. ती आवाज चढवत नाही. शब्द जिभेवरून सावकाश, कडू औषधासारखे सोडते. आमच्या त्या मुलीने चौथी ओवी दबक्या आवाजात उचलली होती, ते मला एकदम आठवलं आणि मी मोबाइल उलटा ठेवून दिला.

आता तर आवाजाचा तडा बुजवायला यंत्रही आलं आहे. १९९७ पासून ऑटोट्यून बाजारात आहे. गावोगावच्या स्टुडिओत पोरं भीमगीतं, पोवाडे, भारुडं रेकॉर्ड करतात आणि रेकॉर्डिंगवाला सहज म्हणतो, “थोडं साफ करून देतो.” साफ करून झालं की सगळे गळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर उभं राहा. कर्ण्यावर प्रल्हाद शिंदेंचा आवाज लागला की गर्दीतला माणूस मान वळवतो. त्या आवाजात घाम आहे. तो साफ करायचा म्हणजे काय काढून टाकायचं?

माझं मागणं फार मोठं नाही. लोकगीत आणि पोवाड्याच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळींनी गुणपत्रिकेतला ‘आवाज’ हा रकाना काढावा आणि त्या जागी ‘भाव’ लिहावा. हसऱ्या चेहऱ्याची सूचना प्रत्येक गाण्याला देऊ नये. परीक्षकांत एक तरी माणूस शाहिरीतला, गोंधळातला किंवा जात्यावर दळलेली बाई असावी. आणि आपल्या दैनिकाने अशा कार्यक्रमांची बातमी छापताना सुमधुर हा शब्द जरा बाजूला ठेवावा. आवाज खरखरीत असेल तर खरखरीत लिहावं, लोक रडले असतील तर रडले असं लिहावं.

एक ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला आमच्याकडे पुन्हा स्पर्धा आहे. मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं आहे. गुणपत्रिका बदलली तरच येईन, असं मी कळवलं आहे, अजून उत्तर नाही. ती मुलगी आता दहावीत गेली. मी तिच्या शाळेत जाऊन नाव द्यायला सांगून आले. ओव्या त्याच म्हणू का, असं तिने विचारलं. त्याच म्हण, म्हटलं. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबरनंतर लागतो, तेव्हा एक ऑगस्टला तिची आई गावातच असेल.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर