उपाय छापता, तर वयही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक चौकट हमखास येते: सर्दी-खोकल्यावर घरगुती उपाय. आल्याचा रस आणि मध, छातीला कापराचं तेल, ओव्याची धुरी, गरम पाण्याची वाफ. तुमच्या पुरवणीतही ती येते. उपाय चांगले की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. माझं म्हणणं एवढंच की मूल केवढं असेल तर काय द्यायचं आणि केवढं असेल तर काय मुळीच द्यायचं नाही, हे त्या चौकटीत कुठेच नसतं. मी शिरपूरला औषधाचं दुकान चालवतो. त्या चौकटीची कात्रणं घेऊन लोक माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे गिऱ्हाईक दोन तऱ्हांचं. गावातली नोकरदार मंडळी मोबाइलवर बाटलीचा फोटोच पुढे करतात, 'मोठ्याला हीच चालली होती, हीच द्या.' बोराडी, सांगवी, पळासनेरकडून येणारी आजी मात्र तोंडी, अहिराणीत सांगते, 'भाऊ, पोऱ्याले खोकला व्हयेल शे. रातभर डोयाले डोया लागना नही. एखादी बाटली दी द्या.' पोऱ्या केवढा, विचारलं तर महिन्यांत उत्तर क्वचितच येतं. 'आते बसाले लागना.' 'भितले धरीसन उभा ऱ्हास.' 'कानबाईना टाइमले व्हयना.' मला ही उत्तरं आवडतात, कारण ती खोटी नसतात. कानबाईचा सण श्रावणात, म्हणजे मार्गशीर्षात हे लेकरू चारेक महिन्यांचं. त्याला माझ्या दुकानातली खोकल्याची एकही बाटली चालत नाही. पण आजी लांबून आलेली असते, एसटीचं तिकीट काढून. तिला रिकाम्या हाती पाठवणं सोपं नाही, आणि मी नाही दिली तर पुढचा दुकानदार देईल हे तिलाही ठाऊक असतं.

मधापासून सुरुवात करतो, कारण चौकटीत तो पहिला असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटाच्या टोकावरचाही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळाला आधी शौचाला होत नाही, मग रडणं बारीक होतं, चोखणं मंदावतं, मान लुळी पडते. मध गरम केला म्हणून हे बीजाणू मरत नाहीत. 'आमचा सातपुड्यातला अस्सल आहे' या म्हणण्याचाही इथे उपयोग नाही, बीजाणू अस्सल मधातही असतात. हाच मध वर्ष उलटलेल्या मुलाला मात्र खरोखर उपयोगी पडतो. रात्री झोपताना अर्धा चमचा दिला तर घसा मऊ होतो, ढास कमी होते. उपाय एकच. अकराव्या महिन्यात धोक्याचा, दोन वर्षांच्या मुलाला गुणाचा. मग वय लिहिल्याशिवाय तो छापायचा कसा?

कापराचंही तेच. छातीला चोळायच्या बामच्या डबीवर दोन वर्षांच्या आत वापरू नये असं लिहिलेलं असतं, पण ते इतक्या बारीक अक्षरांत की मलाच चष्मा लागतो. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. धुरीबद्दल बोललं की म्हाताऱ्या माणसांचा राग येतो, तरी बोलतो: धूर ओव्याचा असो, लसणाच्या सालींचा असो की चुलीतल्या कपाशीच्या काड्यांचा, बाळाच्या फुफ्फुसाला तो धूरच. बापाची बिडी आणि उशाशी जळणारी मच्छर अगरबत्तीही त्यातच आली. न्हाऊ घालताना नाकात तेल सोडतात, ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरून तिथे न्यूमोनिया करू शकतं. वाफेनं सर्दी गेलेली मी पाहिली असेल नसेल, पण वाफेच्या पातेल्यानं भाजलेलं मूल पाहिलं आहे.

आता बाटलीकडे येतो. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, ४८.६ टक्के. परवानगी ०.१ टक्क्याची. सीमा ओलांडली की मध्य प्रदेश, त्यामुळे आमच्याकडे महिनाभर लोक बाटल्या परत आणून ठेवत होते. आपल्या राज्यालाही हे विष नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषानं दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच.

त्या दिवसांत सगळी चर्चा भेसळीवर झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण एक गोष्ट मागे पडली. ३ ऑक्टोबर २०२५ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं जी सूचना काढली, ती भेसळ नसलेल्या, चोख औषधालाही लागू आहे: दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, विकूही नयेत, आणि पाच वर्षांच्या आत ती साधारणपणे देण्यासारखी नाहीत. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांच्या आत नकोत, तसा इशारा लेबलवर छापा, असं सांगितलं होतं. सर्दीच्या कितीतरी बाटल्यांत हीच जोडी असते. तेव्हा छिंदवाड्यातली बाटली शुद्ध असती, तरी त्यातल्या दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना तिची गरज नव्हती. हे आम्ही दुकानदारांनी मोठ्यानं बोलायला हवं. आम्ही बोलत नाही, कारण हिवाळ्यात तोच माल खपतो.

लोक म्हणतात, बाटलीनं बरं वाटतं. वाटणारच. सर्दी विषाणूची असते, ती आपल्या वेळेनं येते आणि आपल्या वेळेनं जाते. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे दुखणं नाही, ती वाढ आहे. खोकला बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत उतरतो, काहींचा तीन आठवडे रेंगाळतो. पाचव्या दिवशी बाटली आणली आणि आठव्या दिवशी खोकला थांबला, की श्रेय बाटलीचं. शिवाय त्या औषधानं मूल गुंगतं. आईला वाटतं, आराम पडला. तान्ह्या बाळाचं गुंगणं मला मात्र कधीच आराम वाटलेलं नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण हा घोटाळा दर हिवाळ्यात होतो. तापाचं पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळतं. बाळासाठी ड्रॉप्स आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी पातळ औषध. लोकांना वाटतं, ड्रॉप्स म्हणजे बाळाचं, म्हणून सौम्य. खरं उलटं आहे. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, आणि पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२०, नाहीतर २५०. एक बाई ड्रॉप्सची छोटी बाटली घेऊन आली, 'भाऊ, ही फार लवकर संपते.' बोलता बोलता कळलं की ड्रॉपर हरवला होता आणि सासूबाई मोठ्या नातवाच्या औषधाचं टोपण भरून पाजत होत्या. पाच मिलिलिटर म्हणजे ५०० मिलिग्रॅम, घरातल्या मोठ्या माणसाची अख्खी गोळी. बाळ दात यायच्या वयाचं. मी तिला त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलं. बाळ ठीक निघालं, दोनच वेळा दिलं होतं म्हणून. तेव्हापासून मी ड्रॉपरशिवाय बाटली हातात देत नाही आणि वजन विचारल्याशिवाय मात्रा सांगत नाही. वजन अंगणवाडीच्या कार्डावर असतं, पण कार्ड घरी असतं.

मग द्यायचं काय? मी आजीला मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब देतो. अगदी साधी सलाईन, कसलंही औषध नसलेली. तान्हं बाळ नाकानंच श्वास घेतं. नाक चोंदलं की त्याला पिता येत नाही, पिता आलं नाही की ते रडतं, आणि घरचे म्हणतात, खोकल्यानं दूध तोडलं. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एकेका नाकपुडीत दोन-तीन थेंब टाकायचे, थोड्या वेळानं मऊ सुती कापडानं नाक पुसायचं. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा. सहा महिन्यांच्या आत दुसरं काही नाही, उगाळलेली गुटीही नाही. त्याहून मोठ्याला कोमट पाणी, भाताची पेज, वरणाचं पाणी. झोपताना बाळाच्या डोक्याखाली उशी नको. फार घुरघुर वाटली तर खांद्यावर उभं धरून फिरवायचं. आणि कानटोपी, दोन स्वेटर, वर दुलई असं बांधून ठेवू नका. आमच्याकडची थंडी पहाटेची, दुपारी ऊन चटकतं, आणि कपाशी वेचायला गेलेल्या आईसोबत बांधावर पडलेलं लेकरू त्या गाठोड्यात घामानं भिजून जातं.

केळीचं एक राहिलं. रावेर-यावलची केळी देशभर जातात, पण खुद्द खान्देशात पोर शिंकलं की केळं पहिलं बंद. केळ्यानं कफ होत नाही, सर्दी विषाणूनं होते. खोकणाऱ्या मुलाला नेमकं मऊ, गिळायला सोपं, पोट भरणारं खाणं हवं असतं आणि ते आपल्या बागेत लटकलेलं असतं. माझ्या घरातही हे पटलेलं नाही, ते सोडा.

खरं लक्ष द्यायचं आहे ते श्वासाकडे. खोकल्याच्या आवाजावरून काही ठरत नाही. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचे कपडे वर करून, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर ती साधी सर्दी नाही. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण 'पोट उडतंय' म्हणतो आणि सीमेवरचे लोक 'पसली चालतेय' म्हणतात, तर आकडा मोजत बसू नका, निघा. ओठ निळसर, पिणं बंद, झटके, उठवून न उठणं, कण्हणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला किंवा ते नीट पीत नसलं, तरी घरी थांबायचं नाही.

हे आकडे माझे नाहीत. आशाताई आणि नर्सताईंना हेच शिकवलेलं असतं. २०१९पासून १२ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर 'सांस' नावाची न्यूमोनियाविरोधी मोहीमही असते. दवाखान्याच्या भिंतीवर तिचं पत्रक असतं, पण दवाखान्यापर्यंत पोचायला उशीर होतो म्हणून तर घरी मोजायला हवं. त्याच्या जोडीला न्यूमोकोकल लस आहे, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि मग नवव्या महिन्यात. खाजगीत तिला हजारो रुपये पडतात. सरकारी लसीकरणात २०२१पासून देशभर मोफत आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरांतली नवव्या महिन्याची मात्रा हमखास राहते. कार्ड सोबत नेलं तर ती तिकडच्या सरकारी दवाखान्यातही मिळते.

तर माझी मागणी अशी: पुढची चौकट छापाल तेव्हा प्रत्येक उपायापुढे वय टाका, आणि ६०-५०-४० हे तीन आकडे मोठ्या टाइपात द्या. मी ती कापून काउंटरच्या काचेखाली लावीन, तालुक्यातल्या इतर दुकानदारांनाही देईन. अन्न व औषध प्रशासनानंही दुकानांतून दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी खोकल्याचं औषध मिळणार नाही, अशी ठळक पाटी सक्तीची करावी. पाटी असली की आम्हाला गिऱ्हाइकाशी भांडावं लागत नाही. मात्र बोराडीच्या आजीपर्यंत तुमचं वर्तमानपत्र जात नाही. ते वाचतो तिचा मुलगा, तोही चहाच्या टपरीवर, आणि बाळाचे श्वास तो मोजणार नाही. म्हणून जळगाव आकाशवाणीनं हिवाळाभर रोज संध्याकाळी हे तीन आकडे अहिराणीत आणि पावरा आदिवासींच्या पावरीत सांगावेत, ही विनंती तुमच्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोचावी. अहिराणीतला मजकूर मी लिहून देतो. पावरीसाठी माझ्या दुकानातला मदतनीस तयार आहे.

आपला,
एक औषध विक्रेता
शिरपूर, जि. धुळे